उशिरा उतरलेला चीक

धाकट्या जावेला सातव्या महिन्यातच झटके आले. पोट चिरून बाळ काढावं लागलं. ती खाली अतिदक्षता विभागात बेशुद्ध, आणि तळहाताएवढा तिचा मुलगा वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. तिच्या नवऱ्याला काही सुचत नव्हतं. तो बाकावर नुसता बसून होता. घरं वेगळी झाल्यापासून दोघी जावांचं बोलणं जेवढ्यास तेवढं. तरी थोरली आपली अंगावर पिणारी लेक आईकडे सोडून धावत आली होती.

"माझं दूध चालेल का?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तपासून, तापवून देऊ. पण खरं सांगते, त्याला आईचा चीक, म्हणजे पहिलं दाट दूध, मिळायला हवा होता; तो तर तिला अजून उतरलाच नाही. त्यात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन भरपूर असतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, ते हे आधीच बळकावून बसतं."

"माझ्या दुधात नाही ते?"

"आहे, पण चिकाएवढं नाही. तापवल्यावर त्यातलंही बरंच निकामी होतं. आणि न तापवता दुसऱ्या बाईचं देता येत नाही."

"काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

"पुष्कळ बरं."

थोरली रोज दूध काढून देऊ लागली. दोऱ्यासारख्या नळीतून ते थेंबाथेंबानं त्याच्या पोटात जाई. एकदा त्यानं तिचं बोट घट्ट धरलं. तिचा जीव गुंतला.

मग त्याचं पोट फुगलं, टणक झालं. आतड्यात जंतू शिरले होते. औषधांनी हात टेकले. भर दुपारी तो गेला.

धाकटी शुद्धीवर आली तेव्हा तिचा नवरा दारातच थांबला. शेवटी थोरलीनंच सांगितलं.

"ताई, त्याला दूध कुणाचं दिलं?"

"माझं. तापवलेलं."

"म्हणजे उपाशी नाही गेला."

"नाही गं."

धाकटीनं डोळे मिटले. त्याच संध्याकाळी तिची छाती दाटून आली. थोरलीनं ऊन पाण्याचा फडका शेकायला धरला, थोडं दूध वाटीत पिळून घेतलं. पिवळंधमक, दाट.

"वरच्या दुसऱ्या कुठल्या बाळाला चालेल का हे?" धाकटीनं विचारलं.

तिच्या औषधांमुळे ते कुणालाच चालणार नव्हतं. नर्सनं तसं आधीच बजावलं होतं. थोरलीनं नकारार्थी मान हलवली आणि वाटी मोरीत ओतायला उठली. धाकटीनं तिचा हात धरला.

"राहू दे जरा," ती म्हणाली. "मला बघू दे."