अर्धा राहिलेला पत्ता

हिंजवडीच्या कंपनीत चंद्रकांतने रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्रासाठी स्क्रीन तयार केली आणि ती तपासायचं काम नेमकं त्याच्या बायकोकडे, सुनीतीकडे आलं. दोन हजार सातचा उन्हाळा होता.

स्क्रीनवरच्या यादीतली एक रुग्णवाहिका जरा जागेवरून हलली, की आख्खी स्क्रीन पुसून नव्याने उमटायची. तेवढ्यात सुनीती पेशंटचा पत्ता लिहीत असली तर तो अर्ध्यावरच उडून जायचा. जवळच्या जांबे गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत तिने हे नवऱ्याला सांगून पाहिलं. तो जेवणावरून मान वर न करता म्हणाला, "स्क्रीन ताजी राहते. तुला काय कळतं त्यातलं?"

मग तिने ऑफिसच्या चुकांच्या यादीत ही चूक रीतसर नोंदवली. मॅनेजर पियूषने ती मीटिंगमध्ये मोठ्याने वाचली. चंद्रकांतचे कान लाल झाले.

घरी आल्या आल्या त्याने बॅग भिरकावली. "चारचौघांत नाक कापलंस माझं!"

"घरी सांगितलं तेव्हा ऐकलंस?"

"बायको आहेस का वैरीण?"

"फोनवर माणूस तडफडत असेल आणि पत्ता पुन्हा विचारायचा? तेव्हा कोण वैरी?"

शेजारून घरमालकीण रंभाबाईंनी भिंतीवर हात आपटला. "आवाज लई व्हतोय! हितं माणसं ऱ्हात्यात!"

दुसऱ्या दिवसापासून चंद्रकांत कामाला भिडला. जी गाडी हलली, तेवढीच ओळ बदलायची. लिहायच्या चौकटीला हात लावायचा नाही. आठवडाभर घरी तो ताट उचलून बाहेर ओट्यावर जेवायला बसायचा.

सुनीती पुन्हा तपासायला बसली. तिने मुद्दाम लांबलचक पत्ता लिहायला घेतला. वर ओळी एकेक बदलत होत्या, खाली तिचं एकही अक्षर हललं नाही. काम चोख होतं. तिला क्षणभर त्याचा अभिमान वाटला, आणि त्या वाटण्याचाच राग आला.

मागे येऊन उभा राहिलेल्या चंद्रकांतने विचारलं, "झालं समाधान?"

"झालं."

"मी दुसऱ्या टीममध्ये बदली मागितलीय. माझं काम तुझ्या हाताखाली परत यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तिने यादीतल्या त्या चुकीपुढे 'दुरुस्त' लिहिलं.

संध्याकाळी, ज्या मोटारसायकलवरून रोज दोघं घरी जायची, ती काढून तो एकटाच निघून गेला. सुनीती कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसली.