दुसऱ्या टीमचा शर्ट

बाहत्तर सालचा जुलै संपत आला होता. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात एझराकाकांशी मराठी बोलणारी एकटी डॉक्टर सुप्रभाच. मुंबईचे हे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, काका इथल्या अमेरिकन एअरबेसच्या कँटीनमध्ये कामाला लागले आणि तिथेच त्यांना बेसबॉलचं वेड लागलं. आज अमेरिकन पेपर वाचून त्यांचा पारा चढला होता.

“टीम प्लेऑफच्या शर्यतीत आहे आणि ह्या गाढवांनी आपला भरवशाचा पिचर, बॉल टाकणारा हुकमी गडी, दुसऱ्या टीमला देऊन टाकला. सकाळी सांगितलं, दुपारी बॅग भरून गेला बिचारा.”

सुप्रभा त्यांच्या पायाचं प्लास्टर तपासत होती. चार दिवस टाळलेलं आता तिला बोलावंच लागलं. “काका, आम्हा ज्युनिअर डॉक्टरांचंही तसंच. सहा महिने झाले की पोस्ट संपते. उद्या मी ब्रिस्टलला चालले.”

काकांनी पेपर तोंडासमोर धरला.

“गेलेल्या खेळाडूचं तुम्ही नाव टाकता का हो?” तिने विचारलं.

“छे गं. दुसऱ्या टीमचा शर्ट घालून तो आपल्या ग्राउंडवर आला, की सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. शिव्या नंतर.”

“बरं. पण तुम्ही इतक्यात उभं राहायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कोटाऐवजी रेनकोट घालून, हातात बॅग घेऊन ती निरोप घ्यायला वॉर्डात आली. काका पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते. हात मोकळे नव्हते, म्हणून टाळ्या तेवढ्या राहिल्या.

ती त्यांना बसा म्हणाली नाही.