चंपा चढलीच नाही

चंपा चढली. रविवारी सकाळी दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, मुलुंड पूर्वेच्या आमोद सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तळघरातून, मध्येच थांबून, दम घेऊन, धूर सोडून ती रॅम्प चढली आणि गेटाबाहेर पडली. एकवीस माणसांनी पाहिलं. एका आजींनी तर बॉनेटवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

संस्थेच्या इतिवृत्तानुसार असं काहीही घडलेलं नाही. इतिवृत्तावर सही-शिक्का असतो, एकवीस माणसं नुसतीच माणसं असतात. तेव्हा आपणही चंपा चढलेली नाही असंच धरून चालू आणि आदल्या दिवसापासून सुरुवात करू. त्या दिवशी ती खरोखरच चढलेली नव्हती.

चंपा म्हणजे सत्त्याण्णव सालची छोटी पांढरी गाडी. कार्ब्युरेटरवाली, चोकवाली, आता बनत नाहीत त्यातली. आरटीओने तपासून पाच वर्षं वाढवून दिली होती, पण संस्था आरटीओच्या वर असते. कागदोपत्री चंपा अक्षता परबच्या नावावर होती. प्रत्यक्षात ती अक्षताच्या वडिलांची, नानांची, खोली होती.

हे एका दिवसात झालं नव्हतं. वर वन बीएचकेमध्ये नाना, आई, अक्षता, भाऊ, वहिनी आणि भावाची जुळी. आठ वर्षांपूर्वी जुळी झाली तेव्हा नाना फक्त पेपर वाचायला खाली गाडीत जायचे. मग थर्मास गेला. मग उशी गेली. आता पुढच्या खणात बीपीच्या गोळ्या, नेलकटर आणि लाइटबिलं होती, आणि आरशाला नानांचा चष्मा लटकायचा. पाहुणे मागच्या सीटवर बसत. गेल्या वर्षी अक्षताला बघायला आलेला मुलगाही तिथेच बसला होता. नंतर त्याच्याकडून नकार आला. कारण दिलं, एसी नाही.

चंपा गेली तर त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने पेपर कुठे वाचायचा, याचं उत्तर अक्षताकडे नव्हतं. आणि चंपा जायची वेळ तिनेच आणली होती.

सचिव राजेश रावराणेंनी दिवाळीत नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्यांचा स्लॉट तेरा, चंपाचा चौदा. चार्जरला जागा हवी होती. सभेत ठराव आला : पंधरा वर्षांवरच्या गाड्या आवारात नकोत, अग्निसुरक्षेचा प्रश्न आहे. अक्षता उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमच्या गाडीच्या आधी चढून दाखवते रॅम्प. मध्ये थांबवून परत काढून दाखवते. हवं तर लिहून देते."

रावराणे म्हणाले, "दे."

तिने दिलं. एका सेल्फमध्ये सुरू होणे, रॅम्पवर पिवळ्या रेषेशी हँडब्रेकवर दहा सेकंद थांबणे, पुन्हा निघताना एका वितीपेक्षा जास्त मागे न सरकणे. नापास झाल्यास गाडी भंगारात देण्यास हरकत नाही. खाली सही. वीत अध्यक्ष सुनंदाताईंची, बावीस सेंटिमीटर, ठरावात नमूद.

शनिवारी सकाळी तळघरात तिने पहिल्यांदा हँडब्रेक ओढून पाहिला. दह्यातून चमचा यावा तसा तो वर आला.

"नाना, हा कधीपासून असाय?"

"माका काय ठाऊक?" पेपराआडून आवाज आला. "मी कधी ओढलंय नाय."

यात नानांची चूक नव्हती. जुन्या माणसांची ती रीतच. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवला की मागचे ब्रेक चिकटतात, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागे दगड. चंपाचा दगड इमारतीपेक्षा जुना होता. फक्त रॅम्पवर परीक्षेत दगड लावायला परवानगी नव्हती.

अक्षताने दोन मित्रांना फोन केले. गाड्यांच्या वेडापायी दर रविवारी हायवेजवळच्या टपरीवर जमून भांडणारे हे तिघे. धम्मपालचं भांडुपला गॅरेज होतं आणि त्याच्या मते दोन हजार पाचनंतर गाड्या बनणं बंद झालं, त्यानंतर बनतात ते चाकं लावलेले मोबाइल. केतन अंधेरीला सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याच्या मते जुनी गाडी आवडणं हा आजार होता, फक्त अजून इन्शुरन्समध्ये धरत नव्हते.

धम्मपाल चंपाखाली शिरला. केतन बाहेर उभा राहून बोलू लागला.

"अक्षू, राग मानू नको ना यार. पण हिच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही. अपघात झाला तर वाचवणाऱ्या दोनच गोष्टी आहेत. काच आणि नशीब."

"आणि तुझ्या गाडीत?" खालून आवाज. "एसी वाढवायला चार वेळा स्क्रीन दाबायची. तेवढ्यात पवई येते. गाडी आहे का बँकेचं अ‍ॅप?"

"धम्म्या, तू त्या हँडब्रेकच्या केबलशी बोल. ती तुझ्या वयाची आहे."

अक्षताला दोघांचंही पटायचं, हाच तिचा घोळ होता. धडक बसायची असेल तर तिला केतनची गाडी हवी होती. पण धडक काय रोज बसत नाही, आणि पेपर रोज येतो.

धम्मपाल बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर गंज होता. "केबलचे तीन-चार धागे उरलेत. नवी सोमवारशिवाय मिळणार नाही. मी ताणून बसवलीय. एकदा धरेल. दुसऱ्यांदा तिला विचारू नको."

"दहा सेकंद?"

"एकदा म्हटलं ना मी."

यानंतर जे झालं ते फक्त शौकिनांच्याच हातून होऊ शकतं. अक्षता चहा आणायला वर गेली तेव्हा धम्मपालला वाटलं, चढाला पेट्रोल थोडं जास्त मिळू दे, आणि त्याने कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा सोडला. ट्यून केलेल्या गाडीबद्दल बोलू नये, नजर लागते, म्हणून तो बोलला नाही. संध्याकाळी केतन विसरलेली बॅग घ्यायला परत आला. जन्मात पहिल्यांदा त्याने कार्ब्युरेटरवरचा व्हिडिओ पाहिला होता. त्यानेही अर्धा आटा सोडला आणि लाजेने गप्प राहिला. आणि रविवारी सकाळी नानांनी, पंचवीस वर्षं मालकांच्या गाड्या चालवलेल्या माणसाच्या खात्रीने, आणखी अर्धा सोडला. आयुष्यात एकाही गोष्टीवर एकमत न झालेल्या तीन माणसांचं त्या स्क्रूवर झालं, आणि कोणी कोणाला सांगितलं नाही.

रविवारी दहा वाजता गेटासमोर क्रेनवाला ट्रक येऊन उभा राहिला. रावराणेंनी आधीच बोलावून ठेवला होता. ड्रायव्हरकडे चिठ्ठी होती : तळघर, स्लॉट १४, पांढरी गाडी, एक नग. त्याने अक्षताला विचारलं, "ताई, अकरापर्यंत होईल ना? पुढे घाटकोपरला जायचंय."

खाली आणखी एक बातमी होती. मागे सरकणं मोजायचं कसं, यावर रावराणेंनी तोडगा काढला होता. त्यांची गाडी चंपाच्या मागे बरोबर दीड मीटरवर उभी राहील, समितीचे तिघे, सचिव, अध्यक्ष आणि खजिनदार, आत बसतील, आणि पुढच्या वस्तूचं अंतर स्क्रीनवर सेंटिमीटरमध्ये दिसेल.

"म्हणजे परीक्षक पण तुमचीच गाडी?" अक्षता म्हणाली.

"मशीन आहे ते. मशीनला नातं नसतं."

"नाना, उतरा. वजन होतंय."

"ही माझी खोली आसा," नाना मागच्या सीटवरून म्हणाले. "मी खंयच जावचंय नाय."

ती बसली. चोक ओढला. तळघरात एकवीस माणसं होती आणि सगळी एकदम भिंतीकडे सरकली. चावी फिरवली. चंपाने एकदा घसा खाकरला, दुसऱ्यांदा खाकरायच्या बेतात होती, आणि इंजिनाने धरलं.

पहिल्या गिअरमध्ये ती रॅम्पला लागली. मागून रावराणेंची गाडी आवाज न करता येत होती, एखादा माणूस चपला हातात घेऊन येतो तशी. पिवळी रेषा आली. अक्षताने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि मनातल्या मनात माफी मागून पायाचा ब्रेक सोडला.

चंपा थांबून राहिली.

"एक," केतन वरून मोजू लागला. "दोन."

तिच्या मुठीत तो दांडा थरथरत होता. तीनला खालून बारीक आवाज आला. टिंग. एक धागा गेला.

"चार. पाच."

आरशात नानांचा चष्मा हलत होता आणि चष्म्यामागे रावराणेंच्या गाडीचे दिवे. दीड मीटर. तेवढ्या जागेत नानांची खोली, त्यांची उशी आणि तिची सही सगळं मावत होतं. तिच्या मानेवरून घामाचा एक थेंब खाली गेला, त्यालाही हँडब्रेक नव्हता.

"सात."

टिंग. दांडा बोटभर ढिला पडला. तिने दोन्ही हातांनी धरला.

"मोज की लवकर!" धम्मपाल ओरडला.

"सेकंदं आहेत ती, मी बनवत नाही! आठ. नऊ."

"आवाज आयक गो," मागून नाना हळूच म्हणाले. "क्लच सोडीत जा. आवाज बसलो की ब्रेक सोड."

"दहा!"

तिने गॅस दिला, क्लच सोडत आणला. इंजिनाचा आवाज वर होता, वरच होता, आणि मग बसला. तिने दांडा सोडला. चंपा मागे सरकली. किती, ते तिला कळलं नाही. मग दीड आट्याचं सगळं पेट्रोल एकदम जळलं, मागून काळाकुट्ट धूर सुटला, आणि चंपा सुटलेल्या बैलासारखी रॅम्प चढून गेटाबाहेर ट्रकच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

नाना म्हणाले, "पेपर पडलो माझो."

ती मागे धावत आली तेव्हा धूर विरत होता आणि रावराणेंची गाडी रॅम्पच्या मधोमध उभी होती. स्क्रीनवर आकडे आले होते : १५०, १४६, १३९. त्यानंतर आकडा नव्हता. त्यानंतर लिहून आलं होतं, ‘समोर काय आहे ते समजत नाही. गाडी थांबवली आहे. तुम्ही सुरक्षित आहात.’

सुरक्षित तिघे आत अडकले होते. गाडीची रुंदी रावराणेंनी कधी मोजली नव्हती, ती आता रॅम्पच्या दोन भिंतींनी मोजली होती. दरवाजे चार बोटं उघडत होते.

"काका, दोन्ही बटणं दहा सेकंद दाबून धरा!" केतन ओरडला. "रीस्टार्ट होईल!"

"ते अ‍ॅपवर परवानगी मागतंय!"

"मग द्या ना!"

"खाली नेटवर्क नाही रे!"

खजिनदार चंद्रप्रकाश गाडीच्या सरकत्या काचेच्या छतातून छातीपर्यंत वर आले आणि तिथेच थांबले, कारण त्यांचीही रुंदी कोणी मोजली नव्हती.

"हे बघ," धम्मपाल केतनला म्हणाला, "जुन्या गाडीत माणूस अडकला तर निदान दरवाजा असतो."

"धूर कोणी केला पण? स्क्रू कोणी फिरवला?"

दोघांचेही हात खिशात गेले. मग दोघांनीही एकदम नानांकडे पाहिलं. नाना पेपराच्या घड्या जुळवत होते.

समितीचे तिघे आत होते, म्हणजे कोरम पूर्ण होता. त्यांनी आतच सभा घेतली. अकराला पाच कमी असताना खिडकीच्या फटीतून कागद बाहेर आला : ‘एकशे एकोणचाळीसनंतरचे अंतर उपलब्ध नसल्याने मोजमाप अपूर्ण. सबब चाचणी झाली नाही. सबब गाडी तळघरातून हललेली नाही.’

"काका, ती बाहेर उभी आहे. तुम्हाला दिसत नाही?"

"मला इथून काहीच दिसत नाही," रावराणे म्हणाले, आणि ते खरं होतं.

ट्रकचा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन जिन्याने खाली गेला. स्लॉट चौदामध्ये दगड होता. तो वर आला. "गाडी लिहिलीय, दगड नाही."

"ही बाहेर उभी आहे ती?" कोणीतरी आगाऊपणे विचारलं. अक्षता धावत जाऊन चंपासमोर उभी राहिली.

ड्रायव्हरने चिठ्ठी पुन्हा वाचली. "तळघर म्हटलंय. उद्या चुकीची उचलली तर मला आत टाकतील." आणि तो घाटकोपरला गेला.

दुपारी रॅम्प मोकळा झाल्यावर अक्षताने चंपा वळवून आत घ्यायला आणली. वॉचमनने रजिस्टर उघडलं. सकाळपासून स्लॉट चौदाची एकही गाडी बाहेर गेल्याची नोंद नव्हती, आणि जी गाडी बाहेर गेली नाही ती आत कशी घेणार?

तेव्हापासून चंपा गेटासमोर आहे, चाकामागे दगड लावून. नाना म्हणतात, हवा छान येते. पण वाहतूक पोलिसांची टोइंग व्हॅन दिवसातून दोनदा गल्लीतून जाते. पेपर संपला तरी त्यांना उतरता येत नाही. अक्षता दुपारी जेवण खाली आणते आणि दोन घास होईपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून बसते. परवा नानांनी लाइटबिलाच्या पाठीवर अर्ज लिहिला आणि तिला फेअर करायला दिला.

प्रति,
मा. सचिव, आमोद सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, मुलुंड (पूर्व).

विषय : स्लॉट क्र. १४ मधील वाहनाबाबत.

महोदय, आपल्या इतिवृत्तानुसार माझी खोली, म्हणजेच सदर वाहन, तळघरातून हललेले नाही. मी रोज सकाळी सहापासून त्या वाहनात बसलेला असतो. अर्थात मीही तळघरातच आहे. तरी संस्थेने मी स्लॉट क्र. १४ येथे हजर असल्याचा दाखला सही-शिक्क्यानिशी द्यावा, म्हणजे टोइंगवाल्यांना तो दाखवता येईल, आणि मी खाली असताना गेटाबाहेर ज्या म्हाताऱ्याला ऊन लागते त्याच्यावर संस्थेच्या खर्चाने छत घालून मिळावे, ही नम्र विनंती.