अजिबात तिखट नाही

मेक्सिकोतल्या आमच्या पुएब्ला शहरातला पुरुष 'तिखट लागतंय' असं कधी म्हणत नाही. पाय मोडला तर ओरडेल, बायको सोडून गेली तर चौकात बसून रडेल, पण चटणीपुढे हार मानणार नाही. त्यात मी परदेशी पाहुण्यांना शहर दाखवून पोट भरणारा माणूस. चर्च, निळ्या फरशांची घरं, बाजार आणि शेवटी जेवण. जेवायला बसलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी तोर्तियाचा, म्हणजे मक्याच्या पोळीचा, तुकडा चटणीत बुडवतो, चावतो आणि सांगतो, "अजिबात तिखट नाही." मग ते बिचारे खातात.

खरं तर मला तिखट सोसत नाही. लहानपणापासूनच नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझ्या मुठीत दुसरं काही नव्हतंही.

पाहुण्यांना मी नेहमी ओबदुलियाबाईंच्या खाणावळीत न्यायचो. तिथलं मोले, आमच्याकडचं दाट मसालेदार कालवण, चांगलं असतं, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे स्वतः ओबदुलियाबाई. विधवा, साधारण माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. माझा त्यांच्यावर जीव होता. तो सांगायची छाती नव्हती, म्हणून मी चटणी खात होतो.

"कशी झालीय, सिन्योर फिदेन्सिओ?" त्या रोज विचारायच्या.

"झकास. जरा अजून झणझणीत चालली असती."

असं ऐकून बाईमाणूस भाळतं, हा माझा समज. तो कुठून आला देव जाणे. कोणी बैलाशी झुंजतं, मी वाटीशी झुंजायचो, आणि घरी जाऊन भांडंभर थंड दूध पिऊन पालथा पडायचो.

चटणी मात्र दिवसेंदिवस जहाल होत गेली. आधी पाहुणे नुसतं नाक पुसायचे, मग नळाकडे धावायला लागले. परवा एका डॅनिश आजोबांनी चमचाभर तोंडात घातली आणि मी त्यांचा खिसा कापल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी आमच्या सहल कंपनीच्या मालकाचा फोन आला. सोमवारपासून पाहुण्यांचं जेवण दुसरीकडे.

पाहुणे गेले की ती खाणावळ बसणार, हे मला माहीत होतं. आणि तिथे जायला मला तरी दुसरं कुठलं निमित्त होतं? दुसऱ्या दिवशी जेवणाची गर्दी ओसरल्यावर मी तोंड पाडून तिथे पोचलो. ओबदुलियाबाई दगडी खलापाशी बसल्या होत्या.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतात, माझी चटणी घशाखाली उतरत नाही. तुम्ही म्हणता, अजून तिखट हवी. मी ऐकू कुणाचं?"

"ते परदेशी लोक हो. त्यांना मिरीसुद्धा झोंबते."

"काल भाजीवाल्या रेमेदिओसने ताट सरकवलं. ती काय परदेशी आहे?"

त्यांनी वाटी पुढे केली. "ही आजची. खा आणि खरं सांगा. तुम्ही बरी म्हणालात तर अशीच ठेवीन, मग खाणावळ बुडाली तरी चालेल."

बाईने आपलं सगळं माझ्या जिभेवर ठेवलं होतं. इथे तरी खरं बोलावं असं मनात आलं. पण मी मोठा घास घेतला, आणि मन बोलायच्या आत तोंड बोलून गेलं. "अजिबात," मी म्हणालो आणि उचकी लागली. "अजिबात ति..." पुन्हा उचकी. मिरचीची उचकी कशी असते ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यांनी वाटी मागे ओढली. "फिदेन्सिओ, तुला तिखट लागतंय."

"नाही." उचकी.

"पहिल्या दिवसापासून लागतंय."

आता नुसतीच उचकी.

हातातलं फडकं त्यांनी माझ्या अंगावर फेकलं. "गाढवा, डॉक्टरने मला मिरची बंद केलीय. पोटात व्रण आहे माझ्या. न चाखता चटणी करते म्हटल्यावर या गावात कोण पाय ठेवेल इथे? म्हणून मी तुझ्या शब्दावर मिरच्या टाकत होते. तू कमी म्हणालास की मी मूठभर वाढवायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बढाया मारून मी कुणावर छाप पाडली नव्हती, फक्त हिची चूल विझवायला निघालो होतो. टोपी उचलून मी दाराकडे वळलो.

"बस खाली," ती म्हणाली. "आधी त्या मालकाला फोन कर. उद्यापासून चटणी रेमेदिओस चाखेल. तू नाहीस."

मी फोन केला. मालकाने आठवडाभर बघू म्हटलं. तोवर ती आत जाऊन दोन ताटल्या घेऊन आली. कोंबडीचा फिकट रस्सा, भात, मिरचीचा मागमूस नाही. शेजारच्या दुकानातून दिसू नये म्हणून तिने आधी दाराचा पडदा ओढला, मग माझ्यासमोर बसली.

"इतके दिवस हे आत एकटी बसून गिळतेय," ती म्हणाली. "कुठे बोललास तर बघ."

मी एक चमचा घेतला.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

ती उठली आणि मीठ घेऊन आली.