शेऱ्याचा रकाना

वैदेहीला त्या वहीला हात लावावासा वाटेना. महाडच्या बाजारपेठेत माळ्यावर तिचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि २००७ सालच्या त्या मे महिन्यात समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट करून देण्याची दुर्बुद्धी तिला झाली होती. तीन दिवस नुसती मांडामांड करण्यात गेले. कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी सीडीवरून लिनक्स चढवलं. माहिती साठवायला पोस्टग्रेस आणि वेबसाइटचा सांगाडा उभा करायला जँगो उतरवून घ्यायचं, तर फोनलाइन दर अर्ध्या तासाने मान टाकायची. सगळं उतरलं तेव्हा पोस्टग्रेस तिचा पासवर्ड घेईना. एका फायलीत एकच शब्द बदलायचा होता, हे कळेपर्यंत तिने त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पण तो नुसता वैताग होता. किळस आली ती वही उघडल्यावर.

मंडळाचे सचिव शरदकाका, निवृत्त मुख्याध्यापक. वीस वर्षं त्यांनी ही वही वळणदार अक्षरात लिहिली होती. नाव, जन्मवेळ, शिक्षण, उंची, आणि शेवटी एक अरुंद रकाना: शेरा. ‘मुलगी सावळी, फोटोवर जाऊ नये.’ ‘वडील घेतात.’ ‘एकदा मोडलं आहे.’ मुलीकडच्यांना हा रकाना दाखवायचा नाही, चौकशीला येणाऱ्या मुलाकडच्यांना तेवढा हळूच वाचून दाखवायचा, अशी पद्धत. वेबसाइटवरही तो फक्त काकांना दिसायला हवा होता. इतक्या सुंदर अक्षरात इतकी घाण वैदेहीने कधी पाहिली नव्हती.

मग शुभदाचं पान आलं. शुभदा तिची शाळेपासूनची मैत्रीण. सहा वर्षं मुलं तिला बघून जात होती. पोलादपूरचा मास्तर झाला, एमआयडीसीतला केमिस्ट झाला. पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. तिच्या नावापुढे शेरा होता: ‘आईला वेडाचे झटके. रक्तात असू शकतं.’ शुभदाची आई विषमज्वराने दोन महिने पुण्याच्या दवाखान्यात होती, तापात बरळायची, आणि ठणठणीत होऊन परत आली त्याला पंधरा वर्षं झाली होती. हे कोणी सांगितलं, असं वैदेहीने विचारलं, तर काका म्हणाले, खातरजमा केल्याशिवाय मी लिहीत नाही.

रकाना काढून टाकला असता तर मंडळाने दुसरं कोणी गाठलं असतं. म्हणून तिने तो ठेवला आणि शेजारी आणखी एक जोडला: शेरा सांगणाऱ्याचं नाव. ते रिकामं असेल तर नोंद जतनच होणार नाही, असा नियम घातला. स्वतःच्या हुशारीवर ती भलतीच खूश झाली.

रविवारी काका पहिली नोंद करायला आले. तिने मुद्दाम शुभदाचं पान पुढे ठेवलं, आणि आईने दिलेल्या डब्यातलं थालीपीठ खात मजा बघत बसली. काकांनी शेरा टंकला, बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

“नावाशिवाय पुढे जाणारच नाही का हे?”

“नाही काका. नाव सांगवत नसेल तर शेरा पुसून टाका.”

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. खोटं काही लिहायचं नाही हा त्यांचा बाणा. ते एका बोटाने टंकू लागले. नी. ला. पुढे वैदेहीच्या वडिलांचं नाव, तिचंच आडनाव.

“सहा वर्षांपूर्वी ठाण्याचं स्थळ तुला आणि शुभदाला, दोघींनाही सांगून आलं होतं,” ते मान खाली घालून म्हणाले. “नीलावहिनी स्वतः घरी आल्या. पुण्याला त्यांनीच तर शुभदाच्या आईची सेवा केली होती. त्यांच्या शब्दावर शंका कशी घेणार?”

ठाण्याचं स्थळ. मुलाचे दात पुढे आहेत म्हणून वैदेहीनेच ते नाकारलं होतं.

तिने हातातलं थालीपीठ डब्यात परत टाकून झाकण लावलं. जिन्यावर चपला वाजल्या. वेबसाइटवर आपला फोटो कसा दिसतो ते बघायला शुभदा आली होती. काका घाईघाईने पान बंद करू लागले. वैदेहीने त्यांचा हात बाजूला सारला, जतन करायचं बटण दाबलं आणि पडदा दाराकडे वळवला.

“आधी बस,” ती शुभदाला म्हणाली. “मग वाच.”