चित्रातलं झुरळ

चिरंजीव आत आले तेच कान कोरत. काडीने नव्हे, चावीने. चांगली बोटभर लांब पितळी चावी. टोक कानात फिरवायचं, बाहेर काढून त्यावर काय आलं ते निरखायचं आणि पँटला पुसायचं. मला सकाळी सकाळी शिसारी आली. मागून त्यांचे वडील, काठी टेकत, उजवा पाय ओढत. जन्मभर सुतारकाम केलं म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात.

"बाबांची तयारी एकदम फर्स्टक्लास झालीय, मॅडम," चिरंजीव म्हणाले. "आज दाखला देऊनच टाका."

पक्षाघाताने ज्यांची वाचा जाते, त्यांना पुन्हा बोलतं करणं हे माझं काम. दाखला देणं हेही त्यातच येतं: रुग्णाला समजतं, स्वतःचं स्वतः सांगता येतं, सही घ्यायला हरकत नाही. मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बांधलेलं घर चिरंजीवांना नावावर करून हवं होतं, आणि अडलं होतं ते माझ्या कागदापाशी. तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्रींना दोन शब्द जोडता येत नव्हते.

आमची चाचणी साधी असते. एक चित्र समोर ठेवायचं आणि काय दिसतंय ते सांगा म्हणायचं. चित्रात अंगण आहे. बाई कपडे वाळत घालतेय, माणूस शिडीवर चढलाय, कुत्रा चप्पल घेऊन पळतोय, बादली भरून वाहतेय. लोकांना वाटतं, मी शब्द मोजते. मी डोळे बघते. माणूस 'कुत्रा' म्हणणार असला की त्याची नजर आधी कुत्र्यावर जाते, शब्द मागून येतो. आणि मी 'बादली' म्हटलं, की समोरच्याची इच्छा असो नसो, डोळे बादलीकडे धावतात. बावीस वर्षांत याला अपवाद फार थोडे पाहिलेत. म्हणून माझ्या कागदावर दोन रकाने असतात: बोलणं आणि नजर.

चिरंजीवांना मागे बसायला सांगितलं. त्यांनी खुर्ची वीतभर सरकवली आणि मेहरबानी केल्यासारखे बसले.

मिस्त्री ताठ झाले. "बाई कपडे वाळत घालतेय. माणूस शिडीवर चढलाय. कुत्र्याने चप्पल पळवली. बादली भरून वाहतेय."

घडाघडा. एकही शब्द अडखळला नाही. फक्त डोळे चित्रावर नव्हते. ते चिरंजीवांच्या तोंडावर होते आणि चिरंजीवांचे ओठ बापाच्या बरोबरीने हलत होते. मी नजरेच्या रकान्यात तेवढंच लिहिलं.

"आणि बादलीजवळ झुरळ आहे," मिस्त्री म्हणाले.

माझं पेन थांबलं.

झुरळ होतं. जुन्या चित्रावर होतं. कधीतरी लॅमिनेशन करताना आत सापडलं आणि मिशांसकट चपटं होऊन बादलीशेजारी बसलं. सात-आठ वर्षं मी ते तसंच लोकांपुढे ठेवत होते, लाज वाटायला हवी होती मला. गेल्या सोमवारी एक आजीबाई ओकाऱ्या काढू लागल्या, तेव्हा कुठे ते फेकून नवं चित्र छापून घेतलं. नव्यात झुरळ नाही.

"झुरळ कुठे आहे, मिस्त्री? बोट ठेवा बरं."

आता मात्र डोळे चित्रावर आले. बादलीवर गेले, बादलीच्या खाली, डावीकडे, उजवीकडे. कोऱ्या जागेवर बोट फिरत राहिलं. मग ते मुलाकडे बघू लागले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आहे ना, बाबा, झुरळ? नीट बघा!" चिरंजीव दटावून म्हणाले.

"मागच्या वेळी मी हात धुवायला गेले, तेव्हा फोटो काढलात ना?" मी विचारलं.

त्यांना ओशाळायचंही सुचलं नाही. "सराव नको का, मॅडम? म्हणून दाखवल्याशिवाय ताटच वाढायचं नाही, असा नियम केला. दोन दिवस हट्ट केला त्यांनी. मग आलं बरोबर." आणि चावी पुन्हा कानात गेली.

त्या मेल्या झुरळाला मी इतकी वर्षं नावं ठेवली, ते बिचारं परवडलं.

मी चित्र पालथं घातलं. "मिस्त्री, हे राहू द्या. या खोलीत तुम्हाला जे दिसतंय ना, ते सांगा. काहीही."

त्यांची नजर खिडकीवर गेली. माझ्या टेबलाच्या खणाची मूठ ढिली झालीय, तिच्यावर थबकली. मग मुलाच्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. ओठ वाकडे झाले, गळ्याच्या शिरा फुगल्या.

"चा... चावी," ते म्हणाले. "माझी. घ... घराची. घाण करतो."

आधी नजर, मग शब्द. तीन आठवड्यांतलं त्यांचं पहिलं स्वतःचं बोलणं. मी ते जसंच्या तसं उतरवलं आणि खाली शेरा लिहिला: यांना सगळं समजतं. घर देण्याची इच्छा दिसत नाही. मुलासमोर सही घेऊ नये. खाणं रोखून पाठ करून घेतलं आहे, याची चौकशी व्हावी.

चिरंजीवांनी शेरा उलटा वाचला. "अहो मॅडम, घरचा मामला आहे हा!"

"बाहेर बसा. चावी इथे ठेवून. नाहीतर आणखी चार ओळी लिहिते."

त्यांनी चावी टेबलावर आपटली आणि दार आदळून गेले. मी हातमोजा घालून ती उचलली, स्पिरिटच्या कापसाने तीनदा पुसली, तरी मला हात लावावासा वाटेना. मिस्त्रींनी मात्र ती मुठीत घट्ट धरली.

"सकाळपासून काही खाल्लंय?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी माझा डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला, चमचा हाताशी ठेवला. ते डब्याकडे बघत राहिले. नजर हलेना. तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं, पण चमचा काही उचलेनात.

"घ्या ना, मिस्त्री. तुमच्यासाठीच आहे."

ते खुर्चीत ताठ झाले. डोळे डब्यावरच होते.

"बाई कपडे वाळत घालतेय," ते म्हणाले. "माणूस शिडीवर चढलाय."