विब्केला घेऊन उलटलेली मी

मित्रांनो, नौकाघराच्या छताला टांगलेली, रंग उडालेली ही लांबलचक नाव म्हणजे मी. जर्मनीतल्या प्ल्योन गावच्या तळ्याकाठी ल्यूडर्स नावाच्या सुताराने देवदाराच्या फळ्या वाफेवर वाकवून मला घडवले. माझे अंग इतके पातळ, की कुणी जोराने बोट टेकले तरी माझी फळी दबे.

माझ्यात एकच माणूस बसे, विब्के हार्म्सेन. मला घेऊनच ती वल्हवण्याच्या शर्यतीत ओळीने तीन वर्षे जर्मनीची विजेती झाली. शर्यत संपली की वाकून माझ्या कडेवर थोपटे.

मग हाले शहरातल्या एका नव्या मुलीने तिला हरवले. तेव्हापासून विब्के वल्ही धरत नसे, आवळत असे.

मार्चमध्ये काठचा बर्फ नुकताच वितळला होता. सकाळी तिने मला खांद्यावर घेतले, तर तिचे म्हातारे प्रशिक्षक डेटलेफ ब्रामर आडवे आले.

"पोरी, माझी मोटरबोट दुरुस्त होऊ दे, मग मी सोबत येतो. या गार पाण्यात आधी हात मरतात, माणूस मागून."

"डेटलेफ, हालेची ती थांबली असेल का?"

"ती नदीवर असते. तिथे काठ जवळ असतो, शहाणे!"

"तुमची कॉफी निवायच्या आत परत येते."

आम्ही तळ्याच्या मध्यावर पोचलो आणि वारा उठला. लाटा माझ्या आत शिरू लागल्या. डावे वल्हे पाण्यात अडकले आणि मी उलटले.

विब्के गार पाण्यात पडली आणि तिचा श्वासच कोंडला. काठ जवळ दिसत होता. पाण्यातून तो नेहमीच जवळ दिसतो. तिने मला सोडले. थोडी पोहली, आणि तिचा हात वर येईना. मित्रांनो, इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. मला ओरडता येत नव्हते, तिच्याकडे जाता येत नव्हते.

ती वळली. कशीबशी माझ्या उलट्या पाठीवर पालथी पडली. "झोपू नकोस, विब्के. झोपू नकोस गं," ती स्वतःलाच बजावत होती. मग शब्द अडखळले. मग थांबले. तिचे काळीज तेवढे माझ्या फळीवर हळूहळू आपटत होते.

कॉफी निवली तरी ती परतली नाही, म्हणून ब्रामर एका कोळ्याच्या होडीतून शोधत आले. "ए मूर्ख मुली, डोळे उघड! उघड म्हणतो ना!" ते शिव्या देत होते आणि रडत होते.

विब्के वाचली. उन्हाळ्यात ती पुन्हा शर्यतीला उतरली.

"डेटलेफ, भीती वाटतेय."

"वाटू दे. मी काय नाचतोय इथे? मलाही वाटतेय. तू वल्हव."

ती हरली. माझ्या नाकाएवढ्या अंतराने. ती आमची शेवटची शर्यत.

आता ती मुलांना शिकवते. त्यांच्या नावा नव्या, चकचकीत. माझ्यावर धूळ साचते. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, कुणी काळजीने 'थांब' म्हटले तर थांबा. पाणी कुणाचेही पदक ओळखत नाही.

वारा सुटला की अजून माझ्या फळ्या करकरतात. खाली विब्के तळ्यावरच्या मुलांची डोकी मोजत उभी असते. शेवटचे मूल काठाला लागेपर्यंत ती जागची हलत नाही.